अंगणातील फुलवेली : लागवड, ओळख आणि वैद्याची जबाबदारी

घराच्या दारात किंवा चिकित्सालयाच्या फाटकावर एखादी फुलवेल चढवावी, ही हौस आपल्याकडे जुनी आहे. जाई, जुई, मधुमालती, गोकर्ण या वेली महाराष्ट्रातील बहुतेक अंगणांत दिसतात. शोभा, सुगंध आणि देवपूजेची फुले एवढ्या हेतूने सामान्य माणूस त्या लावतो. वैद्याने मात्र त्यांच्याकडे आणखी एका दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. यांपैकी अनेक वेलींची नावे निघंटूंत येतात, काही आपल्या नित्य वापरातील कल्पांचे घटक आहेत, आणि एक तर उपविष आहे. शिवाय नावांचा जेवढा गोंधळ या वर्गात आढळतो, तेवढा इतरत्र क्वचितच आढळतो. म्हणून प्रस्तुत लेखात निवडक फुलवेलींची लागवड आणि व्यवच्छेदक लक्षणे यांचा एकत्रित विचार केला आहे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. गुराखी, मेंढपाळ आणि वनात राहणारे लोक औषधी नावारूपाने ओळखतात, ही पहिली. न ओळखलेले औषध विष, शस्त्र, अग्नी व वज्र यांसारखे घातक ठरते आणि नीट जाणलेले औषध अमृतासमान असते, ही दुसरी. केवळ नावरूप जाणणारा औषधीचा खरा जाणकार नव्हे, त्याला योगही कळला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे. आज परिस्थिती नेमकी उलट झाली आहे. आपल्याला योग पाठ असतात, परंतु त्यांतील द्रव्य जिवंत स्थितीत पाहिलेले नसते. वाळलेला पाला किंवा चूर्ण पोत्यात भरून येते आणि त्यावरील चिठ्ठीवर आपण विश्वास ठेवतो. ही उणीव भरून काढण्याचा एक सोपा मार्ग प्रत्येकाच्या दारात उपलब्ध आहे.

वेल कशाच्या आधाराने चढते?

चरकाने वनस्पतींचे वनस्पती, वानस्पत्य, औषधी आणि वीरुध असे चार प्रकार सांगितले असून प्रतान म्हणजे पसरणारे तंतू किंवा फांद्या हे वीरुधाचे लक्षण मानले आहे. लागवडीच्या दृष्टीनेही हाच प्रश्न पहिला आहे. प्रत्येक वेलीची चढण्याची रीत निराळी असते. ती रीत कळली की कोणता आधार द्यावा हे ठरते, आणि वेल ओळखण्याची एक खूणही हाती येते.

गोकर्णीचे खोडच आधाराभोवती पिळे घालते. तिला सुतळी, तार किंवा बारीक काठी पुरते. कळलावीच्या पानांची टोके लांबून तंतूसारखी वळतात व जवळच्या काडीला पकडतात. तिला जाड खांब निरुपयोगी असतो, बारीक काठ्या किंवा जाळी लागते. मधुमालतीचे पान गळल्यावर देठाचा बुडखा खोडावर राहतो आणि कठीण होऊन काट्यासारखा वाकतो. त्या काट्यांच्या आधारे ती कुंपणावर चढते. जाई आणि जुई यांच्या फांद्या लांब व लवचीक असतात, परंतु त्यांना घट्ट पकड नसते. त्यांना मांडवावर चढवून मधून मधून बांधावे लागते. माधवी ही काष्ठमय महालता असल्याने तिला लोखंडी कमान किंवा जुना वृक्षच हवा.

लागवडीची सर्वसाधारण पद्धत

फुलवेलींना दिवसातून किमान पाच ते सहा तास ऊन मिळावे. सावलीत पाने वाढतात आणि फुले रोडावतात. पावसाळ्यापूर्वी दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो काही दिवस उन्हात तापू द्यावा. नंतर माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड यांनी भरावा. देशावरील काळ्या भारी जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून तेथे वाळू किंवा बारीक मुरूम मिसळावा. कोकणातील जांभ्या मातीतून पाणी लगेच निघून जाते. तेथे शेणखत व पालापाचोळ्याचे खत अधिक घालावे. जून-जुलै हा लागवडीस उत्तम काळ होय. गच्चीवर लावावयाचे असल्यास निदान पंधरा इंच व्यासाची, तळाशी छिद्र असलेली कुंडी घ्यावी.

जिचा पाला, मूळ वा फूल औषधात जाणार आहे, त्या वेलीवर रासायनिक कीटकनाशक फवारू नये. मावा, पिठ्या ढेकूण किंवा कोळी दिसल्यास प्रथम पाण्याचा जोरदार फवारा मारावा, रोगट शेंडे खुडावेत आणि आवश्यकता भासल्यास पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. रहदारीच्या रस्त्यालगत वाढलेल्या वेलीचा पाला औषधासाठी घेऊ नये.

जाई (जाती)

जाई म्हणजे जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम. पाने समोरासमोर व संयुक्त असतात. एका पानात बहुधा पाच ते अकरा दले असून टोकाचे दल शेवटच्या जोडीशी बुडाला अनेकदा जुळलेले असते. फूल पांढरे, पाच पाकळ्यांचे असते आणि कळीच्या बाहेरील बाजूस गुलाबी छटा असते. जुई म्हणजे जॅस्मिनम ऑरिक्युलेटम, अर्थात यूथिका. तिच्या पानात टोकाचे एकच दल मोठे असते आणि देठालगतची दोन दले कानाच्या पाळीसारखी अगदी लहान असतात, क्वचित नसतातही. मोगऱ्याचे पान साधे, एकदली असते. या तीन खुणा एकदा प्रत्यक्ष पाहिल्या की पाला वाळलेला असला तरी सहसा फसगत होत नाही.

जाती तिक्त-कषाय रसाची, कटु विपाकी व उष्ण वीर्याची असून व्रणशोधन आणि व्रणरोपण हे तिचे प्रमुख कर्म आहे. मुखपाकात तिची पाने चावावयास देतात. जातीपत्र, गुडूची, द्राक्षा, यास, दार्वी व त्रिफळा यांच्या क्वाथाचा मधासह गंडूष सर्वांच्या परिचयाचा आहे. जात्यादि तेलात जाती, निंब, पटोल आणि करंज यांच्या पानांनाच अग्रस्थान आहे.

येथे एक महत्त्वाची सूचना करणे आवश्यक वाटते. जातीपत्र म्हणजे जाईचे पान. जातीपत्री म्हणजे जायपत्री, जायफळावरील सुगंधी आवरण. संस्कृतात जायफळालाही जातीफल म्हणतात. मागणीपत्रात एका वेलांटीचा फरक पडला तर निराळेच द्रव्य येऊ शकते. भरीस भर म्हणजे अमरकोशात मालती हा जातीचा पर्याय आहे, तर लोकव्यवहारात मालती या नावाने इतर वेलीही ओळखल्या जातात. तेव्हा फार्मसीधारकांनी मागणी नोंदवताना मराठी नाव, वनस्पतिशास्त्रीय नाव आणि प्रयोज्य अंग या तिन्हींचा उल्लेख करावा.

जाईची लागवड छाट कलमाने किंवा दाब कलमाने होते. पावसाळ्यात जमिनीलगतची एक फांदी वाकवून, सालीला किंचित छेद देऊन मातीत दाबली की सुमारे दोन महिन्यांत मुळे फुटतात. डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करून वेल जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर छाटावी, रोगट व वाळक्या काड्या काढाव्यात, शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करावे. नव्या फुटींवर उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत बहर येतो.

माळ्याची ही छाटणी आणि आपले शास्त्र यांचा येथे सुंदर मेळ बसतो. चरकाने कल्पस्थानात फांद्या व पाने नुकतीच वाढलेली असताना, वर्षा आणि वसंत ऋतूंत घ्यावीत असे सांगितले आहे. शिशिरात छाटलेली जाई वसंतात कोवळ्या पालवीने भरते. म्हणजे छाटणी वेळेवर केली की संग्रहणाचा काळही आपोआप साधतो. पाने सकाळी दव सुकल्यावर खुडावीत, निवडावीत आणि सावलीत पातळ पसरून वाळवावीत. ताज्या पानांचा कल्क करावयाचा असल्यास त्याच दिवशी वापरावा.

मधुमालती आणि माधवी

सायंकाळी पांढरे उमलणारे, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि नंतर लाल होणारे नळीसारखे फूल ज्या वेलीला येते, ती आपली मधुमालती किंवा रंगूनची वेल. तिचे आजचे शास्त्रीय नाव काँब्रिटम इंडिकम असून पूर्वीचे नाव क्विसक्वालिस इंडिका होते. लॅटिनमध्ये ‘क्विस’ म्हणजे कोण आणि ‘क्वालिस’ म्हणजे कसा. सतराव्या शतकात अंबोन बेटावर राहून वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या रम्फियसने या वेलीची बदलती रूपे पाहून तिला हे प्रश्नार्थक नाव दिले. रात्री पांढऱ्या फुलांवर लांब सोंडेचे पतंग येतात, दिवसा रंगलेल्या फुलांवर मधमाश्या व इतर कीटक येतात. चिनी वैद्यकात हिचे बी कृमिघ्न म्हणून वापरतात.

माधवी अथवा अतिमुक्त ही सर्वस्वी वेगळी वेल होय. हिप्टेज बेंगालेन्सिस हे तिचे नाव. तिच्या झालरीसारख्या पाच पाकळ्यांपैकी एकीवर पिवळा डाग असतो, आणि फळाला तीन पंख असतात. हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत ती फुलते, म्हणून तिला वासंती असेही म्हणतात. काही ठिकाणी तिलाही मधुमालती म्हटले जाते. ग्रंथात माधवी असा उल्लेख आल्यावर रंगूनच्या वेलीची पाने आणून देणे हा म्हणूनच शास्त्रदृष्ट्या दोष ठरतो. फूल हाताशी नसेल तरी फळावरून निवाडा होतो. मधुमालतीचे फळ पाच धारांचे असते, माधवीचे त्रिपंखी.

मधुमालती मुळांपासून निघणाऱ्या फुटव्यांनी किंवा छाट कलमांनी सहज लागते. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर संपल्यावर ती निर्धास्तपणे छाटावी. न छाटल्यास ती छपरावर जाते आणि फुले नजरेआड होतात. माधवीस मात्र जागा मोठी असेल तरच लावावे.

गोकर्ण (अपराजिता)

क्लायटोरिया टर्नेटिया अर्थात गोकर्ण ही नवशिक्यासाठी सर्वांत सुलभ वेल होय. जूनमध्ये बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरावे. साधारण दोन महिन्यांत निळी किंवा पांढरी फुले येतात. शेंगावर्गातील असल्याने तिच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र स्थिर होते व माती सुधारते. शेंगा वाळू दिल्या तर वेल लवकर थकते, म्हणून बियाणासाठी काही शेंगा राखून बाकीच्या कोवळ्या असताना काढाव्यात.

गेल्या काही वर्षांत गोकर्णीच्या फुलांचा निळा चहा लोकप्रिय झाला आहे. त्याचा निळा रंग अँथोसायनिन वर्गातील द्रव्यांचा असून लिंबू पिळताच तो जांभळट गुलाबी होतो. या निमित्ताने ‘हीच शंखपुष्पी ना?’ असा प्रश्न रुग्ण विचारतात. त्याचे उत्तर वैद्याजवळ निःसंदिग्ध असले पाहिजे. केरळात गोकर्णीस शंखपुष्पी मानण्याची परंपरा आहे. तथापि भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने शंखपुष्पी म्हणून कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस ही वनस्पती स्वीकारली आहे. ती जमिनीवर पसरणारी, लवयुक्त, साध्या पानांची असून तिचे फूल पांढरे किंवा फिकट गुलाबी असते. निळ्या, चिमुकल्या, गोल फुलांची इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडीस ही तिसरी वनस्पती विष्णुक्रांता म्हणून ओळखली जाते, आणि विष्णुक्रांता हे नाव गोकर्णीलाही दिले जाते.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. गोकर्णीचे बी व मूळ रेचक आहे. बुद्धिवर्धनासाठी लहान मुलाला शंखपुष्पी लिहून दिली आणि प्रत्यक्षात गोकर्णीचे मूळ व बीजयुक्त पंचांग गेले, तर अतिसार होऊ शकतो आणि त्याचा दोष नाहक मूळ औषधावर येतो. पाने पाहता आली तर निर्णय सोपा आहे. गोकर्णीचे पान पाच ते सात दलांचे संयुक्त असते, उरलेल्या दोन्ही वनस्पतींचे पान साधे असते. चूर्णात हा भेद डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अखंड पंचांग घेऊन स्वतः कुटावे.

कळलावी (लांगली)

पावसाळ्यात सह्याद्रीच्या परिसरात झुडपांतून वर येणारे, खालून पिवळे व वरून लाल, ज्वाळेसारख्या पाकळ्यांचे फूल पाहून ती वेल घरी आणण्याचा मोह अनेकांना होतो. ग्लोरिओसा सुपर्बा म्हणजेच कळलावी, अग्निशिखा, लांगली. कंद नांगराच्या आकाराचा म्हणून लांगली, आणि प्रसववेदना सुरू करणारी म्हणून कळलावी. रसतरंगिणीत अकरा उपविषांत तिची गणना केली आहे.

तिच्या सर्व अंगांत कोल्चिसीन हे तीव्र विष असते, कंदात आणि बियांत विशेष. ते उकळल्याने किंवा वाळवल्याने नाहीसे होत नाही. रताळे किंवा अन्य खाद्य कंद समजून हा कंद खाल्ल्याने श्रीलंकेत विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. प्रथम काही तासांत तीव्र वमन व अतिसार होतो. पुढील एक ते तीन दिवसांत अस्थिमज्जा, वृक्क, हृदय यांवर परिणाम होऊन मृत्यू ओढवू शकतो. वाचलेल्या रुग्णाचे केस काही दिवसांनी गळतात. सुरुवातीची वांती थांबली म्हणून रुग्ण सुधारला असे समजणे घातक आहे. अशा रुग्णास घरगुती उपचारांत वेळ न दवडता, कंदाचा नमुना सोबत देऊन, अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे.

ज्या घरात लहान मुले, गाई-गुरे किंवा पाळीव प्राणी आहेत तेथे कळलावी लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अध्यापनासाठी लावावयाचीच असेल तर बंदिस्त वाफ्यात, ठळक पाटीसह लावावी. मे-जूनमध्ये कंद दोन-तीन इंच खोल, आडवा ठेवावा. कोंब कंदाच्या टोकाशी असतो. ते टोक मोडले तर कंद उगवत नाही. हाताळताना हातमोजे घालावेत. हिवाळ्यात वेल वाळते. कंद सुप्त असतो, तेव्हा पाणी बंद करावे. कंद काढल्यास स्वयंपाकघराच्या आसपास ठेवू नये.

औषधे नियम १९४५ यांच्या परिशिष्ट ई-१ मध्ये लांगलीचा समावेश आहे. त्यातील द्रव्ये असलेल्या आभ्यंतर कल्पांच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा आशयाची सूचना छापणे बंधनकारक आहे. गोमूत्रातील शोधनाशिवाय लांगलीचा वापर शास्त्रसंमत नाही, आणि गर्भिणीस ती कोणत्याही रूपात पोटात देऊ नये.

परदेशी फुलवेलींविषयी

बोगनवेल, अलमांडा, संक्रांतीच्या सुमारास नारिंगी फुलांनी लगडणारी संक्रांत वेल, कृष्णकमळ, या सर्व मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. प्राचीन संहितांत त्यांचा उल्लेख असणे संभवत नाही. शोभेसाठी त्या अवश्य लावाव्यात. बोगनवेलीस थोडा पाण्याचा ताण दिला की तिचा रंग खुलतो, आणि तो रंग फुलांचा नसून फुलांभोवतीच्या छदांचा असतो, हेही विद्यार्थ्यांना दाखवावे. परंतु दिसायला साम्य आहे एवढ्यावरून त्यांना एखादे संस्कृत नाव चिकटवून गुणधर्म सांगणे टाळावे. अलमांडाचा पांढरा चीक रेचक आहे. तिचे ‘कथार्टिका’ हे जातिनामच ते सांगते.

वैद्य व फार्मसीधारकांसाठी

पहिली गोष्ट, लावलेल्या प्रत्येक वेलीस मराठी, संस्कृत व शास्त्रीय नावाची पाटी असावी. दुसरी, पान, फूल आणि फळ असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून, वाळवून, तारीख व ठिकाण लिहून जतन करावी. शंका असल्यास हा नमुना पुणे येथील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे, आघारकर संशोधन संस्थेकडे किंवा जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाकडे दाखवावा. तिसरी, बाजारातून आलेला पाला स्वीकारण्यापूर्वी त्यातील काही पाने कोमट पाण्यात भिजवून उलगडावीत आणि अंगणातील वेलीच्या पानाशी ताडून पाहावीत. या कामास दहा मिनिटे लागतात. चौथी, स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनवणाऱ्या वैद्यास कायद्याने परवान्यातून सूट दिलेली असली तरी विक्रीसाठी निर्मिती करताना परवाना आवश्यकच आहे. अंगणातील जाईचे तेल बाटलीत भरून दुकानात ठेवता येणार नाही.

डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ किंवा शंकर दाजीशास्त्री पदे यांचे वनौषधिविषयक लेखन आपल्या संग्रही असते. ते वाचताना जाईची एक फांदी शेजारी असावी. ग्रंथातील वर्णन आणि हातातील पान यांचा मेळ ज्या दिवशी बसतो, त्या दिवसापासून ते द्रव्य विसरले जात नाही.

सर्व वेली एकदम लावण्याची आवश्यकता नाही. या पावसाळ्यात एक जाई लावावी, पुढील वर्षी गोकर्ण. तीन वर्षांत जाईचा मांडव भरेल आणि वसंतातील एका खुडणीत घरच्या रुग्णांपुरत्या जात्यादि तेलाचा पाला सहज निघेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढच्या वेळी ‘जातीपत्र’ अशी चिठ्ठी लावलेले पोते दारात उतरेल, तेव्हा ते उघडून पाहण्याचे धैर्य आणि ज्ञान दोन्ही आपल्याजवळ असतील.